पावसात मसाला भरायचं मशीन अडकतंय, वजनही कमी-जास्त येतंय, कोणाला अनुभव आहे का?

सुरंगी:
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आमचा कुडाळजवळ छोटा गृहउद्योग आहे, मी, माझी जाऊ आणि गावातल्या दोघीजणी. मालवणी मसाला, कुळथाचं पीठ आणि थोडं नाचणी सत्व. गेल्या दिवाळीपर्यंत सगळं हाताने, काट्यावर मोजून चमच्याने भरायचो, मग पस्तीस टक्के सबसिडीवाल्या योजनेतून कर्ज काढून सेमी-ऑटोमॅटिक ऑगर फिलर घेतला. म्हणजे वर माल ओतायचा नरसाळ्यासारखा हॉपर, आत उभा स्क्रू, खाली नळी, पायाने पेडल दाबलं की स्क्रू ठरलेले वेढे फिरतो आणि तेवढी पावडर पिशवीत पडते.

डिसेंबरपासून मे संपेपर्यंत मशीनने काही त्रास दिला नाही, अगदी लग्नसराईच्या ऑर्डरीसुद्धा निघाल्या. पाऊस सुरू झाला आणि याचं डोकं फिरलं. वीस-पंचवीस पाकिटं नीट निघतात, मग एखादं हलकं येतं, मग एकदम जड, आणि मग नुसता स्क्रू फिरल्याचा आवाज येतो पण खाली काही पडतच नाही. हॉपरच्या बाहेरून लाकडी उलथन्याने दोन ठोके दिले की धबाकन सगळं खाली येतं आणि पिशवी ओसंडून मांडीवर. दोनदा तर मोटरच बंद पडली, डिस्प्लेवर एरर आला. गंमत म्हणजे कुळथाचं पीठ त्याच मशीनवर लोण्यासारखं जातं, अडकतो तो फक्त मसाला.

मशीन दिलेल्या माणसाला फोन केला तर म्हणतो मॅडम कोकणात पावसात असंच होणार, मोठ्या मोटरचं मॉडेल घ्या. आता सहा महिन्यांत दुसरं मशीन कुठून घेऊ? हॉपर तर मी नेहमी काठोकाठ भरून ठेवते, सारखं भरायला नको म्हणून. काय बघू, कुठून सुरुवात करू?

कांडपवाला_वेंगुर्ला:
ताई, सगळ्यात आधी एक सांगा, मसाला कांडून आणल्यावर भरता कधी? लगेच त्याच दिवशी का? आमच्याकडे कांडपाला येणाऱ्या बायका मसाला घरी नेऊन परातीत पसरून ठेवतात, रात्रभर, वर पातळ कापड. कांडपातून निघतो तेव्हा हाताला चांगला गरम लागतो, चक्कीतून काढलात तर त्याहून गरम. तो गरम माल डब्यात बंद केला की वाफ आतल्या आत धरते, झाकणाला थेंब येतात, उन्हाळ्यात कळत नाही, पावसात मात्र गोळे होतात.

दुसरं, तुम्ही मिरची आणि खडा मसाला भाजताना तेल किती घेता? जुन्या बायका लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर हे सगळं थेंबभर तेलावर परतायच्या, तेवढ्याने वास सुटतो. आता काही ठिकाणी रंग खुलावा म्हणून हात सैल सोडतात, तसा मसाला डब्यात छान दिसतो पण मशीनला चिकटणारच. त्यात खसखस आणि धण्याचं स्वतःचं तेल असतं ते वेगळंच. कुळथात तेल नाही म्हणून तो जातो.

म्हणूनच पूर्वी वर्षाची बेगमी एप्रिल-मेमध्ये उरकायचे. मिरची कडक उन्हात वाळायची आणि मृग लागायच्या आत मसाला बरणीत, हिंगाचा खडा टाकून, फडक्याने तोंड बांधून. पावसात कांडप करायचंच नाही असा नियमच होता. पण धंदा म्हटल्यावर बारा महिने लागतो हे मान्य.

निळा_बगळा:
मसाला फ्रीजमध्ये ठेवून भरा, कोरडा राहतो. माझी बहीण तेच करते.

अर्धवट_इंजिनियर:
@निळा_बगळा बरणी फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही हो, पण गार मसाला काढून लगेच या हवेत उघडलात तर थंड सरबताच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो तसा त्याला येईल. काढल्यावर बंद डब्यातच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा आणि मगच झाकण उघडायचं. एसीच्या खोलीतून पडवीत नेतानाही तेच.

सुरंगीताई, मी लोट्याला केमिकल प्लांटमध्ये आहे, आमच्याकडे दिवसभर पावडरीशीच कुस्ती चालते त्यामुळे थोडं लांबण लावतो, वाचा.

तुम्ही लिहिलंय "एखादं हलकं येतं, मग एकदम जड". हा क्रम फार महत्त्वाचा आहे. एक काम करा, सलग चाळीस पाकिटांची वजनं ओळीने वहीत लिहा. काही दुरुस्त करू नका, ठोके मारू नका, नुसती लिहा. जर वजन हळूहळू उतरत गेलं, १००, ९९, ९८, ९७ असं, तर हॉपरमधली पातळी खाली जातेय आणि वरचं वजन कमी झाल्यामुळे स्क्रूत पावडर कमी दाबून भरतेय एवढाच अर्थ. मशीन वजन करत नाही, माप करतं, म्हणजे शेराच्या मापासारखं आहे, दाबून भरलं की जास्त, सैल भरलं की कमी. पण वजन चांगलं चाललं असताना मधेच ८८ आणि त्याच्या पाठोपाठ ११२ अशी जोडी आली तर पावडर कुठेतरी अडून बसतेय आणि मग एकदम सुटतेय. पहिल्या पाकिटात जे पडायला हवं होतं ते दुसऱ्यात पडलं. त्यावर कितीही सेटिंग बदललंत, वेढे वाढवलेत तरी उपयोग नाही, उलट जड पाकीट आणखी जड होईल.

आता अडतंय कुठे ते शोधायचं, जागा तीन. पहिली हॉपरच्या उतारावर, तिथे पावडर स्वतःचीच कमान बांधते, विहिरीच्या कमानीसारखी, वर माल भरलेला आणि खाली पोकळी. दुसरी, स्क्रूच्या भोवतीचीच पावडर निघून जाते आणि बाजूची भिंतीला धरून उभी राहते, वरून बघितलं तर मधे उंदराच्या बिळासारखं भोक दिसतं. तिसरी खाली नळीत, स्क्रू आणि नळी यांच्यामधल्या फटीत मसाला घासून घासून तेल सोडतो आणि आतून तुकतुकीत लाल थर बसतो. मोटर ट्रिप होते ती बहुतेक या तिसऱ्यामुळे, किंवा मिरचीच्या देठाचे धागे स्क्रूला गुंडाळल्यामुळे.

ठोके मारल्यावर धबाकन येतं म्हणता म्हणजे पहिली किंवा दुसरी नक्की आहे. पण हे टाळायला तर अशा बहुतेक मशीनमध्ये ढवळायचं पातं असतं ना, अ‍ॅजिटेटर? ते फिरतंय का नीट? हॉपर भरलेला असताना दिसणार नाही, रिकामा करून चालवून बघा.

आणि हो, बाहेरून उलथन्याने ठोका मारणं कायमचं बंद करा. एक तर स्टीलला पोचे पडतात, तिथेच पुढे माल धरतो, आणि ठोक्याने खालची पावडर आणखी घट्ट बसते. डब्यात पीठ जास्त मावावं म्हणून आपण डबा आपटतो की नाही, तेच.

खळ्यातलो_नाना:
अगो बाय माझे, सगळा वाचलंय. एकच सांगतंय, आत हात घालूच्या आधी प्लग काढ. नुसता बटण बंद करून नाय, प्लग काढून हातात धर. आमच्या वाडीत एकाचा बोट चक्कीच्या पट्ट्यात गेला, पेडलवर पाय पडलो म्हणून. मशीन मगे दुरुस्त होता, बोट होणा नाय.

डॅलसचा_बाबल्या:
नानांना +१.

मी मूळचा देवगडचा, सध्या टेक्सासात. धागा वाचून हसू आलं कारण गेल्या महिन्यात मी अगदी हेच लिहिणार होतो, फक्त मसाल्याऐवजी बंदुकीच्या काडतुसातली पावडर. इथे नेमबाजीचा छंद असणारे बरेच लोक वापरलेल्या पितळी केसेस, म्हणजे काडतुसांची रिकामी नळकांडी, पुन्हा भरतात, स्वतःपुरतं घरी केलेलं इथे कायद्याने चालतं, मी एका रेंजवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांकडून शिकलो. त्यासाठी पावडर मेजर म्हणून यंत्र असतं, टेबलाला आवळलेलं. वर प्लॅस्टिकचा हॉपर, खाली लोखंडी अंग, त्यात आडवा ड्रम आणि ड्रममध्ये कमी-जास्त करता येणारा खड्डा. हँडल एका बाजूला केलं की खड्डा भरतो, दुसरीकडे केलं की खालच्या नळीतून केसमध्ये पडतो. म्हणजे तुमच्या स्क्रूच्या जागी ड्रम, बाकी दुखणं सारखंच.

माझं हँडल मधेच करकर करून अडकायचं आणि वजनं पुढे-मागे. मी काय काय केलं ते सांगतो. पहिलं, नवीन यंत्राला गंजू नये म्हणून कंपनीने आतून तेल फासलेलं असतं, ते मी पुसलंच नव्हतं, पावडर त्याला चिकटून लेप झाला होता. सगळं खोलून, तेल पूर्ण काढून, कोरडं केलं. ताई, तुमच्याकडे कोणी स्क्रू सहज फिरावा म्हणून आतून खोबरेल वगैरे लावलंय का बघा, मायेने करतात लोक. दुसरं, इथली थंडीतली हवा फार कोरडी, प्लॅस्टिकच्या हॉपरला स्थिर वीज धरते आणि पावडर भिंतीला चिकटून वर चढते. त्यासाठी कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकतात ते कापड आतून फिरवतात. तुमच्याकडे पावसात हा प्रश्न नसणार, उलटा आहे.

तिसरं खरं कारण पावडरीचं रूप. काही पावडर बारीक गोळ्यांची असते ती पाण्यासारखी जाते, हा तुमचा कुळीथ. काही छोट्या काड्यांसारखी असते, ती ड्रमच्या कडेला आडवी येते आणि हँडल ओढलं की काडी कापल्यासारखा करकर आवाज येतो. तो अडथळा जोर लावून पार करायचा नाही हे मला शिकवलं, हलकेच मागे घ्यायचं आणि ते माप परत हॉपरमध्ये ओतायचं. आणि हॉपरच्या आत एक वाकवलेला पत्रा बसवतात, बॅफल, म्हणजे वरच्या सगळ्या मालाचं वजन थेट ड्रमवर येत नाही आणि हॉपर भरलेला असो की अर्धा, खाली दाब साधारण सारखा राहतो. तुमचं "काठोकाठ भरून ठेवते" वाचल्यावर तेच आठवलं.

अर्धवट_इंजिनियर म्हणतायत ती हलकं-जड जोडी, आमच्याकडे तिचीच सगळ्यात मोठी भीती. बारीक गळ्याच्या केसमध्ये काडीची पावडर नळीतच कमान धरते, त्या केसमध्ये कमी पडते आणि पुढच्या केसमध्ये दोघांचं मिळून पडतं. तुमच्याकडे गिऱ्हाईक कुरकुर करेल. इथे कमी भरलेल्या काडतुसाची गोळी बंदुकीच्या नळीतच अडकून बसू शकते आणि तिच्या मागून दुसरी झाडली तर नळी फुटते, जास्त भरलेलं तर विचारूच नका. म्हणून सगळ्या केसेस एका ठोकळ्यात उभ्या करून टॉर्चने प्रत्येकीत डोकावून बघायचं, पातळी सारखी आहे का, आणि ठराविक अंतराने एक माप काट्यावर. जरा शंका आली की मागचं सगळं ओतून पहिल्यापासून. काम झालं की हॉपर रिकामा, पावडर तिच्या मूळ डब्यात, रात्रभर ठेवायची नाही. मला वाटतं ही शेवटची सवय मसाल्यालाही लागू आहे.

तागडी:
@बाबल्या माहिती भारी, पण इथे वाचणाऱ्या कोणा उत्साही पोराने घरी करून बघू नये म्हणून लिहितो, आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, भरणं सुद्धा.

बाकी आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. दारू मोजायला शिंगाच्या तोंडाला पितळी मापटं. पावसाळ्यात ती दारू ओल धरायची म्हणून आजोबा चुलीच्या वरच्या फळीवर शिंग ठेवायला बघायचे आणि आजी ठेवू द्यायची नाही, आजोबांना ऊब हवी आणि तिला घर हवं. यावरून दरवर्षी भांडण.

मुद्द्याचं म्हणजे सुरंगीताई, वजनाचं हलक्यात घेऊ नका. पॅकबंद मालाचे २०११ चे नियम आहेत, १०० ग्रॅमच्या पाकिटाला साडेचार ग्रॅमची तूट चालते, त्याहून कमी नाही. आणि ती सुद्धा एखाददुसऱ्या पाकिटाला, सगळ्या लॉटची सरासरी १०० च्या खाली जाता कामा नये. वैधमापनवाले दुकानातून नमुने उचलतात. म्हणजे तुमची ८८ ची पाकिटं बाजारात गेली असतील तर आधी ती दुकानांतून परत मागवा.

सुरंगी:
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. नानांनू, प्लग काढूनच करते आता, देवाशप्पथ.

काल रात्री वही घेऊन बसले. चाळीस पाकिटांची वजनं लिहायची ठरवलं, बत्तीसच झाली. पहिली अठरा ९८ ते १०१ च्या आत. मग ९१, १०९. मग पाच बरी. मग ८७, ११४. मग ८९, ११०, ९९, १००, ८५ आणि मग बंदच. म्हणजे जोडीच आहे, अर्धवट_इंजिनियर दादा म्हणाले तशी. मी इतके दिवस हलकं आलं की वेढे वाढवायचे आणि जड आलं की कमी करायचे, मशीनच्या मागे नुसती धावतेय.

तागडी दादा, तसली पाकिटं आम्ही काट्यावर परत बघून फोडून घेतो, बाहेर जात नाहीत, पण त्यातच निम्मा दिवस जातो म्हणून तर रडतेय.

कांडपवाले काका, हो, मसाला सकाळी दळून येतो आणि दुपारी भरतो, हात लावला तर कोमट असतो. तेल मात्र वाढवलेलं नाही, सासूबाई मोजून देतात, त्यांच्यापुढे कोणाचं चालत नाही.

आतून खोबरेल कोणी लावलेलं नाही, विचारलं सगळ्यांना. उद्या हॉपर रिकामा करून चालवून बघते.

अर्धवट_इंजिनियर:
व्यवस्थित वही लिहिलीत, आमच्या ट्रेनी पोरांना दाखवायला हवी. अठरा पाकिटं चांगली आणि मग बिघाड, म्हणजे हॉपरचा वरचा भाग भरलेला असताना वजनाने ढकललं जातंय आणि पातळी उतरली की कमान धरतेय असं वाटतं. रिकामं चालवताना फक्त डोळ्यांनी बघा, झाकण बंद ठेवून वरच्या काचेतून, हात आत नको. बघायचं एवढंच की मधला दांडा आणि ढवळायचं पातं दोन्ही फिरतायत का. पातं भिंतीपासून किती लांब आहे तेही. आणि मग प्लग काढून नळी उतरवा, स्क्रू बाहेर काढा, त्याच्या पात्यांना देठाचे धागे किंवा तुकतुकीत थर आहे का.

एक प्रश्न राहिला, मे महिन्याच्या शेवटी मशीनला काही केलं होतं का? धुतलं, हलवलं, काहीही?

सुरंगी:
दादा, तुम्ही ज्योतिषी आहात का?

२८-२९ मेला सगळं मशीन खोलून धुतलं होतं, पावसाआधीची साफसफाई म्हणून. जावेने आणि मी मिळून. परत जोडलं, दोन दिवस कुळीथ भरला, तो नीट गेला म्हणून कोणाला शंका नाही. मसाला नंतर जूनमध्ये लावला तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि सगळ्यांनी पावसावर बिल फाडलं, मशीनवाल्यानेही.

आज रिकामं चालवलं. दांडा फिरतोय आणि ढवळायचं पातं जागच्या जागी उभं! कधी दांड्याबरोबर जरासं ओढलं जातं, परत थांबतं. पात्याच्या बुडाशी एक बारीक स्क्रू आहे, डोकं नसलेला, आत षटकोनी खाच, तो अर्धवट सैल. धुतल्यावर आवळायचाच राहिला होता. नवऱ्याच्या पेटीत अ‍ॅलन-की होती, दोन मिनिटांचं काम. दीड महिना मी त्या मशीनशी भांडतेय आणि दोन मिनिटांचं काम!!

पावडर ढकलणाऱ्या मोठ्या स्क्रूला देठाचे धागे पण निघाले, मुठभर नाही पण एक छान वेणी घातल्यासारखी. आणि नळीत लाल थर होता, नखाने निघत नव्हता, गरम पाण्यात साबण घालून भिजवून काढला, मग पूर्ण कोरडं करून रात्रभर पंख्याखाली.

खळ्यातलो_नाना:
पावसाक उगाच दोष दिलंय मगे. पाऊस बिचारो आपला काम करता.

अर्धवट_इंजिनियर:
ग्रब स्क्रू! त्याला बघूनच घ्या, दांड्यावर त्याच्यासाठी एक चपटी जागा किंवा छोटा खड्डा घासलेला असतो, स्क्रूचं टोक बरोबर त्यावर यायला हवं, गोल भागावर आवळलात तर आठ दिवसांत परत सुटेल. खाण्याच्या मशीनमध्ये स्क्रू पडून मसाल्यात जाणं हा दुसरा धोका, म्हणून दर वेळी जोडल्यावर मोजून खात्री करा. आमच्याकडे मशीन खोललं की निघालेला प्रत्येक नटबोल्ट एका ताटात ठेवतात, जोडून झाल्यावर ताट रिकामं असायला हवं आणि हातात काही उरायला नको.

कुळीथ का गेला हेही आता उलगडलं. तो सुटा वाहणारा, त्याला ढवळायची गरजच नाही, पातं उभं असलं काय आणि फिरलं काय. मसाला त्या पात्याच्या जिवावरच चालत होता. म्हणून साफसफाईनंतर मशीन तपासायचं तर सगळ्यात त्रास देणाऱ्या मालावर तपासा, सोप्या मालावर नाही.

आता पुन्हा चाळीस वजनं लिहा, हॉपर निम्म्याहून थोडा वर, दोन तृतीयांशापर्यंत, आणि तेवढाच राखा. काठोकाठ नको.

डॅलसचा_बाबल्या:
माझ्या यंत्रातही शेवटी मापाचा खड्डा धरून ठेवणारा छोटा स्क्रू सैलच निघाला होता हो, वर लिहायला लाज वाटली. त्यामुळे माप स्वतःहूनच सरकायचं. आता भरायला बसताना आणि उठताना दोन्ही वेळा त्याला बोट लावून बघतो.

सुरंगी:
पाच दिवसांनी लिहितेय, ऑर्डर होती.

पहिल्या दिवशी स्क्रू आवळून, हॉपर दोन तृतीयांश ठेवून, पण मसाला तसाच कोमट भरला. चाळीस पाकिटं ९६ ते १०४. एकदाही अडकलं नाही, जोडी आली नाही, पण वर-खाली होतंच. दुसऱ्या दिवशी काकांचं ऐकलं, मसाला रात्री परातीत पसरला, पण या हवेत उघडा ठेवायची भीती वाटली म्हणून खोलीचं दार बंद, आणि गार झाल्या झाल्या डब्यात. सकाळी मोठ्या भोकांच्या चाळणीतून काढला, देठाचे तुकडे आणि दगडफुलाच्या कातळ्या वर राहिल्या, त्या परत दळायला. मग भरला. चाळीसपैकी सगळ्यात कमी ९९, सगळ्यात जास्त १०२! मी मापच १०० ऐवजी जरा वर, १००.५ च्या आसपास धरलंय, सरासरी खाली जायला नको म्हणून.

मशीनवाल्याला फोन करून सांगितलं तर म्हणतो हां मॅडम तो स्क्रू चेक करायला सांगणारच होतो मी. सासूबाई बाजूलाच होत्या, त्यांनी जे तोंड केलं ते इथे लिहिता येत नाही.

एकच शंका उरलीय. काका, रात्रभर पसरलेला मसाला पावसाच्या हवेत ओलावा धरणार नाही का? किती वेळ पुरे?

कांडपवाला_वेंगुर्ला:
धरतो की. म्हणून उन्हाळ्यात रात्रभर आणि पावसात नाही. पावसात पातळ थर करून पसरा, बोटाच्या पेरापेक्षा जाड नको, बंद खोलीत, लादीवर नको, लादी पाझरते, लाकडी टेबलावर किंवा खाटेवर परात. तासाभरात हाताला गार लागायला लागला की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. मुठीत दाबून बघा, मूठ उघडल्यावर मोकळा होऊन सुटला पाहिजे, लाडू राहिला तर मिरची नीट वाळलेली नव्हती, ते मशीन दुरुस्त करून जाणार नाही. मिरची पावसाळ्यात दळायला आणायच्या आधी भट्टीवर किंवा लोखंडी कढईत मंद आचेवर कडकडीत करून आणा, मोडल्यावर कट्ट आवाज यायला हवा.

आणि पोती भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या टाका.

खळ्यातलो_नाना:
आणि माका सांगा, ता ११४ चा पाकीट फोडलंत की आसा अजून? तेवढाच होया होता माका, १०० च्या भावात.

सुरंगी:
नानांनू, फोडलंय! पण कुडाळाक येशाल तेव्हा कळवा, देतंय एक.